चाचेगिरीशी लढताना व्यापारी जहाजांचा वाटा

सागरी चाचेगिरी म्हटले की युद्धनौका आणि कमांडो डोळ्यांसमोर येतात. सोमालियाजवळची चाचेगिरी आटोक्यात येण्यात व्यापारी जहाजांच्या शिस्तीचा वाटाही तितकाच मोठा आहे, असे माझे मत आहे. २००८ पासून भारतासह अनेक देशांच्या नौदलांनी एडनच्या आखातात गस्त सुरू केली; पण एवढा अफाट समुद्र मोजक्या युद्धनौकांनी राखणे शक्यच नव्हते. म्हणून जहाजमालकांच्या संघटनांनी नौदलांच्या सल्ल्याने नियमावली तयार केली: वेग राखावा, कठड्याला काटेरी तार लावावी, टेहळणी वाढवावी आणि धोक्याच्या क्षेत्रात शिरताच ब्रिटिश नौदलाच्या 'यूकेएमटीओ' या केंद्राकडे नोंद करावी.

ही नोंद वरवर कारकुनी वाटते. मात्र जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' जहाजावर सशस्त्र माणसे चढली, तेव्हा जहाजावरून याच केंद्राला संदेश गेला, १५ भारतीयांसह २१ जणांनी आतून बंद होणाऱ्या सुरक्षित कक्षात आश्रय घेतला आणि 'आयएनएस चेन्नई'वरील मार्कोस कमांडोंनी दुसऱ्याच दिवशी जहाजाचा ताबा घेतला. खलाशी ओलीस सापडले असते, तर ही कारवाई कितीतरी अवघड झाली असती.

हे सहकार्य नेहमीच निर्दोष होते असे नाही. इटलीच्या संरक्षण खात्याने जहाजमालकांच्या संघटनेशी केलेल्या करारानुसार 'एन्रिका लेक्सी' या तेलवाहू जहाजावर नौसैनिक तैनात होते. त्यांच्या गोळीबारात फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ दोन भारतीय मच्छीमार मरण पावले आणि खटला कोणत्या देशात चालवावा यावर वर्षानुवर्षे वाद झाला. जहाज उद्योगाने धोक्याच्या क्षेत्राची हद्द ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, म्हणजे भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ओढली होती, हेही विसरता येणार नाही. भारताच्या आक्षेपानंतर डिसेंबर २०१५ मध्ये ती ६५ अंशांवर आणली गेली. किनाऱ्यावरील देशाला आधीच विचारले असते, तर ही वेळ आली नसती.

१ जानेवारी २०२३ रोजी उद्योगाने हे क्षेत्रच रद्द केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'रुएन' जहाजाचे अपहरण झाले. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने ते सोडवून ३५ चाच्यांना मुंबईत आणले. २०२२ मध्ये संसदेने संमत केलेल्या चाचेगिरीविरोधी कायद्यामुळे त्यांच्यावर खटला चालवण्याची सोय आता भारतातच झाली आहे.