तुम्ही विचारलंत म्हणून: तीन ओळींची मुलगी

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधली 'वाइफ ऑफ बाथ'ची गोष्ट शिकवायला घेतली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ही गोष्ट बायकांच्या बाजूची की विरोधातली?" वर्गात अशा वेळी तासाची घंटा मदतीला धावून येते. परवा एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर हेच विचारलं, तेव्हा ती सोय नव्हती. म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी गोष्ट. राजा आर्थरच्या दरबारातला एक तरुण नाइट, म्हणजे सरदार, घोड्यावरून नदीकडून परतत असतो. पुढे एक मुलगी चाललेली दिसते, तिच्यावर तो बलात्कार करतो. कायद्याप्रमाणे त्याचं डोकं जायचं, पण राणी आणि दरबारातल्या बायका रदबदली करतात. राणी त्याला एक वर्ष आणि एक दिवसाची मुदत देते: बायकांना सगळ्यात जास्त काय हवं असतं, ते शोधून आण. गडी दारोदार विचारत फिरतो. कुणी म्हणतं पैसा, कुणी मान, कुणी भारी कपडे, कुणी म्हणतं पुन्हा पुन्हा विधवा होऊन पुन्हा पुन्हा लग्न! मुदत संपता संपता एक म्हातारी भेटते. मी मागेन ते द्यायचं, असं वचन घेऊन ती उत्तर सांगते: नवऱ्यावर सत्ता. दरबारातली एकही बाई त्याला नाही म्हणत नाही. मग म्हातारी मागते ते लग्नच.

पहिल्या रात्रीचा प्रसंग मला फार आवडतो. नवरा कुशी बदलत तळमळतोय, ही शेजारी पडून हसतेय. आर्थरच्या घरचा कायदाच आहे का हो असा, सगळे नाइट बायकोशी असेच वागतात का, म्हणून विचारते. तो म्हणतो, तू कुरूप, म्हातारी, वर हलक्या कुळातली. झालं! ती इटालियन कवी दान्तेचा दाखला देऊन त्याला सुनावते की कुलीनपणा बापजाद्यांकडून मिळत नाही, तो वागण्यात असतो. हे कुणाला ऐकावं लागतंय ते बघा. शेवटी ती विचारते: म्हातारी पण एकनिष्ठ बायको हवी, की तरुण, सुंदर आणि भरवसा नसलेली? तो हात टेकतो, तूच ठरव म्हणतो. ती सुंदरही होते, निष्ठावानही राहते. आणि लगेच पुढे ओळ येते की ती सगळ्या बाबतीत त्याच्या आज्ञेत राहिली. बायकांच्या बाजूची म्हणणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच.

पण ही गोष्ट सांगतेय कोण? 'वाइफ ऑफ बाथ' म्हणतात ती, इंग्लंडातल्या बाथ गावाजवळची ॲलिसन, कापड विणण्यात पटाईत, बाराव्या वर्षापासून पाच लग्नं केलेली. तिची गोष्ट ४०८ ओळींची आणि स्वतःबद्दलची प्रस्तावना ८५६ ओळींची, म्हणजे दुपटीहून मोठी. पाचवा नवरा जँकिन वीस वर्षांचा, ही चाळिशीची. प्रेमात पडून सगळी जमीन त्याच्या नावे करून बसली. तो रोज रात्री दुष्ट बायकांच्या कथांचं पुस्तक वाचून दाखवायचा. एकदा हिने त्यातली तीन पानं टरकावली आणि त्याला असा ठोसा लगावला की तो मागच्या मागे शेकोटीत पडला. त्याने उठून हिच्या डोक्यात हाणलं. ही मेलीच असं वाटून तो घाबरला. मग समेट झाला: घर, जमीन, नवऱ्याची जीभ आणि हात, सगळ्याचा कासरा हिच्याकडे. पुस्तक जाळलं. त्यानंतर मी त्याच्याशी अगदी प्रेमाने वागले, असं तीच सांगते. म्हातारीच्या गोष्टीचा शेवट तिने आपल्याच घरातून उचललाय. फक्त, म्हातारीचं रूप एका रात्रीत पालटतं. ॲलिसनचा मात्र त्या फटक्याने एक कान कायमचा बहिरा झाला.

इथवर मी तिच्या बाजूची. अडते पुढे.

चॉसरचा समकालीन कवी गावर यानेही हीच गोष्ट सांगितली आहे. त्यात नायकाच्या हातून लढाईत एक माणूस मेलेला असतो, म्हणून त्याला शिक्षा. बलात्कार त्यात नाही. चॉसरच्या गोष्टीत तो आहे, आणि ती मुलगी येते फक्त तीन ओळींत. तिला नाव नाही, तोंडी एक शब्द नाही. मग आरडाओरड होते, दरबार भरतो, नाइट वर्षभर गावोगावच्या बायकांना काय हवं ते विचारत फिरतो. तिच्या दारात तो जात नाही, राणीही कुणाला पाठवत नाही.

फोनवर मी हे सांगितलं तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पेपरात कधी आलं नाही हे." खरं आहे. म्हातारीच्या उत्तरावर प्रश्न दरवर्षी काढतो आम्ही. त्या मुलीवर मी एकदाही काढलेला नाही.