तेरा नंबरचा पाय

स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी चार शब्द’ मागितलेत. माझे चारही लॅबच्या बाईंवरच खर्च होणार. स्नेहसंमेलन, सहल वगैरेंवर बाकीचे लिहितीलच.

कॉम्प्युटरचा तास म्हणजे स्क्रीन, ही आमची समजूत बाईंनी पहिल्याच दिवशी मोडली. हातात नॅन्ड गेट दिले, म्हणजे सगळे इनपुट ‘एक’ असतील तरच ‘शून्य’ देणारी छोटी सर्किटं. चार नॅन्डचा एक्सॉर (दोन इनपुट वेगळे असले तरच ‘एक’), पाचवा जोडला की दोन बिटांची बेरीज करणारा हाफ ॲडर, नऊ झाले की मागून आलेला कॅरीही मिळवणारा फुल ॲडर. “कॅरी म्हणजे दुसरीतला हातचाच रे,” म्हणायच्या. चार ॲडर ओळीनं लावून ७ + १ केलं, तेव्हा तो हातचा खरंच एकेक घर पुढे सरकत गेला आणि माझी बायनरीची, म्हणजे शून्य-एकच्या गणिताची, भीती गेली.

पण आठवतो तो दुसराच दिवस. डब्यातले ७४००, म्हणजे दोन इनपुटांच्या नॅन्डचे आयसी (चिप), संपले होते, म्हणून मी ७४१० घेतला. त्याच्या गेटला तीन इनपुट; मला हवे होते दोनच. आयसीच्या पायांपैकी, म्हणजे पिनांपैकी, १ आणि २ जोडल्या, १३ तशीच सोडली. ट्रुथ टेबलच्या, म्हणजे कुठल्या इनपुटला काय उत्तर याच्या तक्त्याच्या, चारही ओळी बरोबर आल्या. मी ऐटीत हात वर केला.

“हा तेरा नंबरचा पाय काय म्हणतोय?”

“एक, बाई.”

“कुणी सांगितलं त्याला?”

मी गप्प. बाईंनी आयसी उपसला आणि तिथेच ७४एचसी१० बसवला. पाय तेच, काम तेच, फक्त आत जुन्या टीटीएलऐवजी सीमॉस, म्हणजे वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर. दोन्ही स्विच वर केले. एलईडी विझायला हवा होता. बाईंनी बोट नुसतं जवळ नेलं, तर तो लुकलुकायला लागला. टीटीएलमध्ये मोकळा इनपुट बहुधा ‘एक’ धरला जातो, म्हणून माझं निभावलं होतं. सीमॉसमध्ये तेवढाही भरवसा नाही. तेरा नंबर पाच व्होल्टला जोडला आणि दिवा शहाण्यासारखा विझला. शाबासकी मिळाली नाही. वहीवर लाल शेरा मात्र मिळाला.

आज मी चिप व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे चिप बनण्याआधी तिची रचना तपासायच्या कामात, आहे. सिम्युलेशनमध्ये किंमत न ठरलेला सिग्नल ‘एक्स’ दाखवतो. नवी मुलं म्हणतात, “रीसेटनंतर जाईल, सर.” मी बाईंचाच प्रश्न विचारतो. मुलं एकमेकांकडे बघतात.

परवा लॅबमध्ये डोकावलो. वायरी खोचून सर्किट जुळवायचे ब्रेडबोर्ड गेलेत, सगळं सिम्युलेटरवर. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण तिथे बोट कुठे न्यायचं?

समितीला एक विनंती: कार्यक्रमाला बाईंना आणायची गाडी दुसऱ्या कुणाकडे देऊ नये. मी आदल्या दिवशीच येतोय.