वर्गात ब्लॉग कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"मुलं वहीत लिहितातच की, मग वर्गाचा ब्लॉग कशाला हवा?" हे मला नवीन शिक्षक विचारतात, पालक तर जवळजवळ प्रत्येक मीटिंगला विचारतात, आणि प्रश्न रास्तच आहे, आधीच पोर्शन संपता संपत नाही त्यात हे आणखी एक काम. तर जरा सविस्तरच सांगते.

वहीत लिहिलेलं एकच माणूस वाचतं, ते म्हणजे मी. आणि मॅडमना उत्तर आधीच माहितीये हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे ती अर्धंमुर्धं लिहितात, बाकीचं मॅडम समजून घेतील. आणि आपण घेतोही ना समजून! ब्लॉगवर दुसऱ्या तुकडीतली मुलं वाचतात, त्यांनी तो प्रयोग पाहिलेला नसतो, ती कशाला काय समजून घेतील.

पांढरं फूल रंगीत पाण्यात ठेवायचा प्रयोग सगळ्यांनाच माहीत असेल. एका मुलीने लिहिलं, "फूल रंगीत पाण्यात ठेवले. रंग वर गेला. यावरून सिद्ध होते की देठातून पाणी वर जाते." वहीत असतं तर मी बरोबरची खूण करून पान उलटलं असतं. इथे खाली कमेंट आली, "किती वेळाने गेला? सगळ्या पाकळीवर सारखाच आला का?" तिला सांगता येईना, कारण तिने तेवढं बघितलंच नव्हतं. मग पुन्हा फूल, पुन्हा ग्लास, आणि या वेळी ती मधूनमधून जाऊन बघत राहिली तेव्हा तिला दिसलं की रंग आधी पाकळ्यांच्या कडांना आणि शिरांमध्ये उमटतो, सगळीकडे एकदम पसरत नाही. तिने पोस्ट दुरुस्त केली तर तिसऱ्याच कोणीतरी विचारलं, देठ उभा चिरून दोन रंगांच्या दोन ग्लासात ठेवला तर काय होईल? झालं, तेही करून बघितलं, फूल अर्धं एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या. यातलं मी काहीएक शिकवलं नाही, मी फक्त कमेंट अप्रूव्ह केल्या.

आणि हे काही इंटरनेटमुळे सुचलेलं खूळ नाही बरं का. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने, पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, फार वेळ बोलवत नसे, त्यांनी 1920च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं स्वतःचे अनुभव लिहायची, स्वतः अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून छापायची आणि ते मजकूर लांबच्या दुसऱ्या शाळेला पोस्टाने जायचे, तिकडून तिथल्या मुलांचे यायचे. ब्लॉग बनवायची साधनं म्हणजे ब्लॉगर 1999 साली आलं, वर्डप्रेस 2003 साली, आता छापखाना फुकटात मिळतो एवढाच फरक. त्यामुळे कोणतं प्लॅटफॉर्म चांगलं यावर जी तासन्‌तास चर्चा चालते ती मला खरंच फिजूल वाटते, समोर वाचणारं कोणी आहे का ते आधी बघा.

कॉपी-पेस्टचं काय, हा ठरलेला पुढचा प्रश्न. होतं ना, नाही कशाला म्हणू. पण उचललेल्या मजकुरावर वर्गमित्राने साधं "म्हणजे काय?" विचारलं की लगेच कळतं, उत्तर देताच येत नाही, आणि मित्रासमोर अडकणं मुलांना माझ्या लाल शेऱ्यापेक्षा जास्त लागतं. मार्क मी पहिल्या पोस्टला देतच नाही. कमेंट आल्यावर काय बदललं त्याला देते, आणि चांगला प्रश्न विचारणाऱ्यालाही देते. वर्डप्रेसमध्ये पोस्टच्या जुन्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे पालकांनाही उघडून दाखवता येतं.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी अजिबात ढिलाई करत नाही. पूर्ण नाव नाही, चेहऱ्याचे फोटो नाहीत, पालकांची लेखी परवानगी आधी, आणि माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कमेंट दिसत नाही. लहान वर्ग असेल तर ब्लॉग प्रायव्हेटच ठेवा, दोन तुकड्यांनी एकमेकांचं वाचलं तरी पुष्कळ झालं. प्रत्येकाकडे कॉम्प्युटर लागतो असंही नाही, कागदावर लिहून पाळीपाळीने एकाच मशीनवर टाइप करता येतं.

सुरुवात करणार असाल तर पहिले काही दिवस पोस्ट लिहायलाच लावू नका. एखाद्या दुसऱ्या वर्गाचं लिखाण घ्या आणि फक्त कमेंट लिहून घ्या, त्यातही "छान", "मस्त", "सुंदर लिहिलंस" यांना पूर्ण बंदी. एका वाक्यात काय कळलं ते आणि एका वाक्यात काय कळलं नाही ते, एवढंच. हे मुलांना पोस्ट लिहिण्यापेक्षा अवघड जातं, वेळ लागतो, लागू द्या.