गरम झाली की बंद पडायची

वडिलांनी 1987 साली घेतलेली मोटारसायकल मी आजही चालवतो. पॉइंट-कंडेन्सरवर चालणारी, किक मारून सुरू होणारी. पॉइंट म्हणजे स्पार्कसाठी प्रवाह जोडणारी-तोडणारी छोटी टोकं, आणि कंडेन्सर म्हणजे प्रवाह तुटताना त्यांच्यामध्ये मोठी ठिणगी उडू न देणारा छोटासा भाग. तिच्यावरून एकदा लांबचा पल्ला मारायचा, हे बरेच दिवस मनात होतं. निघण्याआधी ऑइल बदललं, चेन ताणली, ब्रेक शू आणि स्पार्क प्लग नवे घातले. कंडेन्सरकडे लक्षच गेलं नाही. गाडी चालतेय म्हणजे तो ठीकच असणार, असं धरून चाललो होतो.

आम्ही चौघे, चार गाड्या. पहिले दीडशे किलोमीटर गाडी सुरेख पळाली. मग एका चढावर तिने झटके द्यायला सुरुवात केली. सायलेन्सरमधून दोनदा फट्ट असा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. किक मारून मारून पाय भरून आला. पंधरा मिनिटं सावलीत उभी केली, तर पहिल्या किकला सुरू! पुढे वीस किलोमीटरवर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर पाच किलोमीटरही गेली नाही.

मी कार्बोरेटर खोलायला पाना काढला. आमच्यातला एक जण वयाने मोठा आहे, त्याला सगळे दादा म्हणतात. त्याने माझा हात धरला. "थांब. सगळं एकदम खोलू नकोस. आधी पेट्रोल की करंट, एवढं ठरव."

त्याचं हे एक वाक्य त्या दिवशी फार उपयोगी पडलं. गाडी गरम होऊन बंद पडते आणि गार झाली की चालते, याची कारणं मोजकीच असतात. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर आत हवा जात नाही, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरतं. लक्षणं अगदी सारखी. म्हणून झाकण उघडून किक मारली, फरक नाही. मग प्लग काढला. ओला होता, पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल पोहोचत होतं, ते जळत नव्हतं.

प्लग हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकवून किक मारली तेव्हा स्पार्क दिसला. मला वाटलं, मग करंटही आहेच! दादा म्हणाला, "रंग बघ." पिवळसर, अशक्त स्पार्क होता, तोही एक आड एक. प्लग बाहेर असताना मोकळ्या हवेत स्पार्क पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनखाली त्याच फटीतून उडी मारायला बराच जास्त व्होल्टेज लागतो, आणि अशक्त स्पार्क तिथेच हरतो. प्लग बाहेर काढून 'स्पार्क आहे' म्हणणं पुरेसं नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग पॉइंटचं झाकण काढलं. एक मित्र दोन्ही हातांनी सावली धरून बसला, मी सावकाश किक मारली. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये चांगली जाड, निळी-पांढरी ठिणगी उडत होती. पॉइंटच्या एका टोकावर बारीक उंचवटा आला होता, समोरच्यावर तेवढाच खड्डा. दादाने मान हलवली, "कंडेन्सर गेला."

पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या वेटोळ्यातला, प्रवाह तुटतो. तो जितका झटकन तुटेल, तितका प्लगकडे व्होल्टेज जोरदार. बॅटरीच्या 12 व्होल्टचे काही हजार होतात ते त्याच क्षणी. कंडेन्सर नसेल तर प्रवाह पॉइंटवरच ठिणगी होऊन रेंगाळतो. पॉइंट जळतात आणि प्लगला काहीतरीच मिळतं. माझा कंडेन्सर गरम झाला की दगा देत होता आणि गार झाला की पुन्हा कामाला लागत होता.

दोघे मित्र न सांगताच मागच्या गावाकडे परत फिरले. माझ्या गाडीचा कंडेन्सर मिळाला नाही, म्हणून ते दुसऱ्याच गाडीचा, बोटाएवढा गोल डबीसारखा घेऊन आले. "आत बसणार नाही रे हा," मी म्हणालो. खरंच बसत नव्हता. पण तो आतच असला पाहिजे असं कुठे आहे? पॉइंटची वायर आणि अर्थ (गाडीचा उघडा धातू), एवढ्यांच्या मध्ये जोडला की झालं. क्षमता साधारण 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास असली की काम भागतं.

जुन्याची वायर आधी सोडवली. तो आत लिक करत राहिला असता तर नव्याचा काही उपयोग नव्हता. नव्याची पट्टी टाकीखाली कॉइलच्या बोल्टमध्ये अडकवली. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, कारण रंगावर अर्थ मिळत नाही. त्याची वायर कॉइलला पॉइंटची वायर येते त्याच टोकाला जोडली. पॉइंट घासून साफ केले, पेट्रोलात भिजवलेल्या कोऱ्या कागदाने पुसले आणि ते सर्वांत जास्त उघडलेले असताना फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं) लावून फट 0.4 मिलिमीटर केली. दादाने गेज माझ्याच हातात दिलं होतं. पान ओढताना किंचित अडकल्यासारखं वाटलं पाहिजे, हे त्याने माझं बोट धरून दाखवलं.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ती थरथर ओळखीची होती. मला बोलायला सुचेना.

पुढचे तीनशे किलोमीटर त्यांनी मला मध्ये ठेवलं. दोघे पुढे-मागे, दादा शेवटी. दर पन्नासेक किलोमीटरला थांबून वायर हलली नाही ना, ते बघायचो. ती हलली नाही.

घरी आल्यावर टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, तपासून घेतलं, पॉइंट नवे घातले. कंडेन्सर मात्र टाकीखालीच ठेवला, इंजिनच्या उष्णतेपासून लांब. तसाच दुसरा एक टूलकिटमध्ये असतो. मुक्कामी पोहोचलो त्या रात्री मी अंधारात पुन्हा एकदा पॉइंटचं झाकण काढून किक मारली होती. पॉइंटमध्ये टाचणीच्या टोकाएवढा निळा ठिपका, बस्स, इतकंच दिसलं. चौघेही वाकून बघत होतो.