आंब्याचा पाय

मुलगी फोनवर म्हणाली, आई, पाय करून बघ ना, सोपा असतो. सासूबाई शेजारीच बदाम आंबे चिरत बसल्या होत्या, त्यांनी लगेच विचारलं, "कुणाचा पाय?" आंब्याचा म्हटल्यावर म्हणाल्या, "आंब्याला पाय कधी फुटले गं?" हा पाय म्हणजे इंग्रजीतला pie, मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात तो.

मे महिना, बाहेर 42 डिग्री, रामबागेतलं आमचं वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, पंखा लावला की मैदा उडतो आणि बंद केला की आपणच वितळतो. मुलीने पाठवलेल्या रेसिपीत लिहिलेलं, पारीसाठी बटर, शॉर्टनिंग किंवा लार्ड, काहीही चालेल. लार्ड म्हणजे डुकराची चरबी, हे मी सासूबाईंना सांगितलंच नाही, उगाच घरात वादळ कशाला. शॉर्टनिंग म्हणजे आपल्या डालड्याचा अमेरिकन चुलतभाऊ, क्रिस्को तिकडे 1911 पासून मिळतं. वनस्पती तूप उन्हात टिकतं हे खरं, आणि 2022 पासून आपल्याकडे त्यातल्या अपायकारक ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादाही आहे, पण टाळूला तो मेणचट थर बसतो ना, तो मला नाही चालत.

मग घरचं साजूक तूपच घातलं. आता मे महिन्यात तूप कसलं घट्ट राहतंय, पार पातळ, मैद्याच्या कणाकणाला लागलं, आणि जे भाजून निघालं ती वाटीच्या आकाराची नानखटाई होती. चव छान होती हां, पण पापुद्रा एक नाही. सासूबाईंनी तुकडा मोडला, बोटांत चुरला आणि म्हणाल्या, "अगं, हे नुसतं मोहन झालं. पापुद्रे हवेत तर साटा नको का?"

तिथे माझी ट्यूब पेटली. मोहन, म्हणजे पिठात चोळलेलं तूप, मैद्यात मुरतं आणि खुसखुशीतपणा देतं, साटा, म्हणजे पोळ्यांना लावतात तो तूप-पिठाचा लेप, थरांच्या मध्ये वेगळा राहतो म्हणून चिरोटा सुटतो. पायमध्ये साट्याचं काम गार बटरचे तुकडे करतात, लाटताना चपटे होतात, ओव्हनमध्ये वितळून जागा सोडतात, शिवाय बटरमध्ये पंधरा-सोळा टक्के पाणी असतं त्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. तुपात पाणी जवळजवळ नाहीच, उचलणार कोण?

दुसऱ्यांदा बटर आणलं, पण ते 32-35 डिग्रीला वितळतं आणि माझी बोटं तेवढीच गरम. ओट्यावर चिखल. तिसऱ्यांदा मात्र पहाटे पाचला उठले, बटर रात्रभर फ्रीझरमध्ये, मैदा आणि परातसुद्धा फ्रिजमध्ये, आणि सासूबाईंनी सुचवलं म्हणून बटर चक्क खोबऱ्याच्या किसणीवर किसलं. तीनशे ग्रॅम मैदा, दोनशे बटर, बर्फाचं पाणी शंभरच्या आतच, मीठ नाही कारण बटर खारटच होतं. गोळा मळायचा नाही, नुसता दाबून जमवायचा, हे हाताला पटतच नव्हतं, इतकी वर्षं कणीक तिंबायची सवय. लाटल्यावर पोळीत पिवळे ठिपके स्पष्ट दिसत होते, तेव्हाच कळलं की जमणार.

जमला. सुरी घातल्यावर करकर आवाज आला आणि कडेचे थर मोजता येत होते. कातरणं उरली होती ती सासूबाईंनी शंकरपाळ्यांसारखी कापून भाजायला लावली, आणि गरम असतानाच वरून जीरावन, पोह्यांवर टाकतात तो इंदुरी मसाला, भुरभुरवलं. पायपेक्षा तेच आधी संपलं.