रांगोळीतली पावलं

काकूंचा फोनवर एकच धोशा होता, "घुशी झाल्यात, औषध घेऊनच या." गुहागरजवळची वाडी, चिऱ्याचं घर, पुढे खळं. भातझोडणी उरकली की शेतातले उंदीर घरांकडे सरकतात, म्हणून दिवाळीनंतर आम्हा पेस्ट कंट्रोलवाल्यांना उसंत नसते.

खळ्यात खांबावर पाखरांसाठी लाकडी ताटली होती. रोज कणी, बाजरी, वर पिकलं केळं. ताटलीतच लेंड्या पडलेल्या, अर्ध्या इंचाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. घुशीची लेंडी याहून मोठी, शिवाय घूस बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग टाकते. ढीग कुठेच नव्हता. हा काळा उंदीर, अंगापेक्षा शेपूट लांब, माडावर चढून नारळ पोखरणारा.

गंमत म्हणजे खांबाला पत्र्याची पट्टी आधीच ठोकलेली होती, आणि नीट होती. जमिनीपासून तीन फुटांवर, दीड फूट रुंद, सांधा सपाट. (बऱ्याच ठिकाणी खिळ्यांची डोकी वर राहतात, उंदराला आयता जिना.) मग तो चढत होता कुठून?

तिन्हीसांजेला काकूंकडून वाटीभर रांगोळी मागून घेतली आणि चहाच्या गाळणीने खांबाच्या बुडाशी, गडग्यालगत, ओटीच्या कठड्यावर भुरभुरवली. थर इतका पातळ हवा की खालचं दिसलं पाहिजे. जाड थरात पाऊल बुजतं. सकाळी खांबाचं बूड कोरं. कठड्यावर मात्र चांगली वर्दळ! पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मधे शेपटीची रेघ. माग कोपऱ्यातल्या खुंटीशी संपला. खुंटीला कपडे वाळत घालायची दोरी, आणि ती ताटलीपासून जेमतेम वीतभर अंतरावरून गेलेली. गाठीजवळचं लाकूड तेलकट काळं पडलं होतं. रोज अंग घासल्याशिवाय असा डाग पडत नाही.

दोरी परसात हलवली. दोरी, फांदी, कठडा, ताटलीच्या सहा फुटांत काहीच नको. दाणे सकाळी मूठभरच, पाखरं दुपारपर्यंत संपवतील एवढे. सांडलेलं उचलायचं आणि दिवेलागणीआधी ताटली आत. बाजरीची पिशवी पत्र्याच्या डब्यात गेली. वाशांमधल्या फटींत चिंध्यांचे बोळे होते, ते काढून पाव इंची जाळी ठोकली. चिंध्या म्हणजे उंदराला बिछाना.

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवायच्या, तेही हातमोजे घालून. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) उंदराच्या मुतातून पसरतो हे कोकणात वेगळं सांगायला नको.

काकू औषधावर अडून होत्या. मी दिलं नाही. गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबड होतं. रक्त गोठू न देणाऱ्या वड्या खाल्ल्यावर उंदीर मरायला काही दिवस लागतात; तोवर तो सुस्तावून फिरतो आणि घुबडाच्या, मांजराच्या तावडीत सापडतो. विष मग त्यांच्या पोटात. नाहीतर माळ्यावर मरून पडतो आणि घर वासाने हैराण.

दुसऱ्या रात्री पुन्हा रांगोळी. पावलं खुंटीपर्यंत आलेली, तिथेच घुटमळलेली, मागे वळलेली. पिंजरा तिथेच ठेवला, भाजलेलं खोबरं लावून, पण दार तारेने उघडं बांधून. नवी वस्तू उंदीर काही रात्री टाळतो, म्हणून आधी फुकट जेवू घालायचं. खोबरं दोन रात्री सलग संपलं, तेव्हा तार सोडली.