लाख, लोखंड आणि दोन बोटं : हायलाइफची नोंदवही, हप्ता चौथा

या हप्त्याचं मुख्य काम म्हणजे हायलाइफच्या, म्हणजे घानाच्या नाचाच्या बँड-संगीताच्या, जुन्या तबकड्या डिजिटल करताना गेलेली घंटा, म्हणजे ताल धरणारा ठोका, परत मिळवणं. मागच्या खेपेत साफ केलेल्या ७८ आरपीएमच्या बाजू कानाला गुळगुळीत लागत होत्या, पण त्यांतले मराकस (खुळखुळे) पार नाहीसे झाले होते आणि क्लेव्हजचा (एकमेकींवर आपटायच्या लाकडी दांड्यांचा) ‘टक्’ उशीवर मारल्यासारखा वाजत होता. घानाच्या संगीतात हे चालत नाही. ड्रम, गिटार, ट्रम्पेट कोण कुठे आहे हे ज्या एका आवाजावरून कळतं, तोच पुसला गेला तर उरलेलं नुसतं गोड वाटतं, उलगडत काही नाही. म्हणून सगळ्या बाजू पुन्हा पहिल्यापासून घेतल्या.

तबकडी आणि सुई

घानाचा ट्रम्पेटवादक ई. टी. मेन्सा आणि त्याचा बँड टेम्पोज यांचं १९५० च्या दशकातलं बरंचसं काम डेक्का कंपनीने पश्चिम आफ्रिकेसाठी काढलेल्या दहा इंची तबकड्यांवर आहे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. या तबकड्या लाखेच्या. (जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मोठ्या प्रमाणात भारतातूनच जायची, म्हणजे घानाची राजधानी अक्राच्या नाचाला थोडं आपल्या जंगलातलं झाडही लागलंच.) लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विनाइलसाठी मिळणारं अल्कोहोलचं क्लीनर इथे ओतलं की तबकडी गेलीच समजा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवायची. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. ओलसर तबकडीवर सुई ठेवायची घाई नको, कारण खाचेत उरलेला चिखल सुईच्या टोकाला चिकटतो आणि दुसऱ्या मिनिटापासून आवाज फाटायला लागतो.

एलपीची सुई इथे चालत नाही. तिचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचं असतं, ७८ ची खाच कितीतरी रुंद. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथला सगळा कचरा वाचते. ७८ साठी ७६ मायक्रॉनच्या आसपासचं टोक आणि ३ ते ५ ग्रॅम वजन. तबकडी फार वाजवून झिजली असेल तर थोडं लहान किंवा थोडं मोठं टोक लावून बघावं. खाचेच्या भिंतीचा वेगळा, न झिजलेला पट्टा सापडला तर खरखर एकदम उतरते.

कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) स्टीरिओच वापरावी आणि दोन्ही चॅनल वेगळे रेकॉर्ड करावेत, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज −६ डेसिबलच्या वर नाही. मग दोन्ही चॅनलची बेरीज करायची. ७८ मध्ये संगीत आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. बेरजेत उभ्या हालचालीची खरखर बरीच कटते, संगीत तसंच राहतं. बेरीज केल्यावर उलटं झालं, म्हणजे गाणं गायब आणि नुसती चरचर उरली, तर कार्ट्रिजच्या मागच्या एका चॅनलच्या दोन तारा उलट लागल्या आहेत. आणि एकच भिंत झिजलेली असेल तर बेरजेचा हट्ट सोडून चांगला चॅनल तेवढा ठेवावा.

घंटा कुठे गेली होती

दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र. घरगुती फोनो प्रीअँपमध्ये आरआयएए वक्र (एलपीसाठी ठरलेली, कोणते सूर किती उचलायचे-कापायचे याची मोजपट्टी) बसवलेला असतो, आणि तो १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल कापतो. एलपीवर तेवढी उचल आधीच दिलेली असते, म्हणून हिशेब जुळतो. डेक्काच्या बहुतेक ७८ वर वरच्या सुरांची उचल त्यापेक्षा बरीच कमी असते. म्हणजे मराकस आणि घंटेची धार वाजायच्या आधीच निम्म्यावर येते. आता फ्लॅट, म्हणजे कुठलाही वक्र नसलेल्या, प्रीअँपमधून घेऊन वक्र नंतर सॉफ्टवेअरमध्ये लावायचा असं ठरलं आहे. सुरुवात १० किलोहर्ट्झला −५ ते −६ डेसिबलपासून, पुढे कानाने. ट्रम्पेट कर्कश झाला तर आणखी एक डेसिबल खाली, त्यापलीकडे नाही.

दुसरं ठिकाण क्लिक काढणारा फिल्टर. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधला ‘क्लिक रिमूव्हल’ थ्रेशोल्ड २०० आणि स्पाइक रुंदी २० वर सुरू होतो. या आकड्यांवर तो खरखर खातोच, पण क्लेव्हजच्या ठोक्याचं टोकही खातो, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही म्हणजे अचानक उठलेला काटा. फरक शेपटीत आहे. धुळीची क्लिक बहुधा एक मिलिसेकंदाच्या आत संपते, लाकडाचा ठोका आणखी काही काळ घुमतो, लोखंडाचा त्याहून जास्त. फिल्टरला शेपटी बघायला जमत नाही, डोळ्यांना जमतं. त्यामुळे आता आपोआप फिल्टर बंद. झूम करून मोठ्या क्लिक एकेक निवडायच्या आणि ‘रिपेअर’ने भरायच्या. हे साधन एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतं, म्हणजे ९६ किलोहर्ट्झला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास, आणि हीच त्याची सोय आहे, चुकून घंटा पुसली जात नाही. तीन मिनिटांच्या बाजूला दीड-दोन तास लागतात. वैतागाचं काम आहे, पण इलाज नाही.

नॉइज रिडक्शन ६ डेसिबलपर्यंतच, नमुना गाणं सुरू होण्याआधीच्या खाचेतला. बारावर नेलं की मराकस पाण्याखाली वाजू लागतात. ऐकण्याच्या प्रतीसाठी फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल). कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये घंटेच्या ठोक्याआधीच एक धुरकट ‘फस्’ ऐकू येते. ती तबकडीची नाही, कॉम्प्रेशनची असते.

वेगाचं थोडक्यात. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली स्ट्रोब चकती (वेग तपासायची रेघांची चकती) स्थिर दिसते तेव्हा वेग ७७.९२ असतो, ते ठीक आहे. ७८ नसलेल्या टर्नटेबलवर ४५ ला वाजवून नंतर वेग १.७३३ पट करता येतो, मात्र फ्लॅट प्रीअँपमधूनच, नाहीतर वक्र चुकीच्या जागी बसतो. एक सेमीटोन म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के. ब्रासच्या डान्स बँडची पट्टी त्यावरून ताडून बघता येते. गिटार बँडला हा नियम लावू नये, ते आपापसांत सूर लावायचे, ट्यूनिंग फोर्कशी नाही.

बारा म्हणजे एकताल नव्हे

घानातल्या इव्हे लोकांच्या ढोलवादनाची रेकॉर्डिंग्ज मोजताना मराठी कानाची पहिली चूक ठरलेली : बारा मात्रा ऐकल्या की एकताल आठवतो. आगबादझा या त्यांच्या नाचात गांकोगुई, म्हणजे लोखंडाची जुळी घंटा, बारा मात्रांत सात ठोके देते : १, ३, ५, ६, ८, १०, १२. अख्खं आवर्तन साधारण दोन सेकंदांत होतं. नाचणाऱ्यांचे पाय चार, १, ४, ७ आणि १० वर. घंटा त्यांच्याशी फक्त दोनदा जुळते, १ ला आणि १० ला. नवखा माणूस पाय घंटेवर टाकतो, कारण ऐकू तीच येते. मग १, ३, ५ वर सगळं मजेत चालतं आणि ६ ला ठेच लागते.

यावर उपाय : घंटा म्यूट केल्यासारखी विसरायची, पायाने चार ठोके धरायचे, तोंडाने सगळ्यांत लहान ढोल कागानूचे बोल म्हणायचे. कागानू प्रत्येक पावलाच्या तीन मात्रांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्यावर पडतो. ‘(पाय) टे-टे, (पाय) टे-टे’. हे दहा मिनिटं न अडखळता झालं की टाळीने घंटा घालायची. तबल्याची आडलय (दीडपट लय) हाताखालून गेलेल्यांना हे लवकर जमतं, कारण सहाच्या चालीवर चारची चाल हे तेच दोनाला तीन. आणखी एक गोष्ट कळल्यावर गाठ सुटते : घंटेचं वाक्य १ वर सुरू होतं असं कागदावर दिसतं, ऐकताना मात्र ते १ वर येऊन टेकतं. तिहाई समेवर येते तसं. जुळ्या घंटेच्या मोठ्या तोंडाचा खर्जातला ठोका बहुधा तिथेच असतो.

आक्सात्से, म्हणजे भोपळ्यावर मण्यांची जाळी विणलेलं खुळखुळं, मदतीला घ्यावं. मांडीवर पडणारे ठोके घंटेबरोबर असतात, हाताच्या पंज्यावर वर जाणारे मधल्या मोकळ्या जागा भरतात.

ढोल-ताशा डोक्यात असणाऱ्यांनी एक अदलाबदल लक्षात ठेवावी. आपल्याकडे ताशा वरून नक्षी काढतो आणि ढोल खालून तेच ते धरून ठेवतो. इव्हे पथकात उलट आहे. बारीक आवाजाची वाद्यं ठरलेलं वाजवत राहतात आणि बोलतो तो खर्जातला : आगबादझात सोगो हा ढोल, आगबेकोर या दुसऱ्या नाचात स्टँडला टेकवलेला उंच आत्सिमेवू. किडी हा ढोल त्याला उत्तर देतो, काही ठोके मोकळे, काही काठीने दाबलेले. दाबलेले ठोके जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ ऐकूच येत नाहीत, त्यामुळे किडी अर्धाच वाजवतोय असं वाटतं. घंटाही बऱ्याचदा मागे पडलेली असते, कारण माइक मुख्य ढोलापाशी. मोजण्यापुरती वेगळी प्रत करून २ ते ५ किलोहर्ट्झ ६ डेसिबल उचलावं. मूळ प्रतीला हात लावू नये.

सोळा मात्रांच्या दोन घंटा शेजारी ठेवून ऐकण्यासारख्या आहेत. अक्राच्या गा जमातीच्या तरुणांनी १९६० च्या सुमारास उभा केलेला पानलोगो हा नाच : १, ४, ७, ११, १३. नायजेरियातल्या बाडाग्रीकडून किनाऱ्याने इव्हे मच्छीमारांबरोबर आलेला गाहू : १, ४, ७, ११, १५. फरक एकाच ठोक्याचा. पण पानलोगोत शेवटी तीन मात्रांची उसंत मिळते, गाहूत शेवटचा ठोका समेच्या उंबरठ्यावर पडतो आणि पुढचं आवर्तन ढकलल्यासारखं सुरू होतं. १३ वाला आकार क्युबाच्या सोन क्लेव्ह या तालाचाच.

तोच ठोका नाचघरात

टेम्पोजच्या तबकड्यांवर हा आकार आता पुन्हा ऐकू येतो. ड्रमर गाय वॉरन (पुढे कोफी घानाबा) १९५० च्या सुमारास लंडनमध्ये आफ्रो-क्युबन वाजवून परतला आणि बाँगो-मराकस बँडमध्ये आले. समुद्रापलीकडे गेलेली घंटा फिरून घरी आली, एवढंच.

गिटारची बाजू १९२८ पासून मोजावी : कुमासी ट्रिओने लंडनमध्ये झोनोफोन या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड केलेलं ‘या आम्पोन्सा’. त्यातला गिटारवादक क्वामे आसारे ऊर्फ जेकब सॅमची दोन बोटं, अंगठा आणि तर्जनी. अंगठा खर्जाच्या तारांवर, तर्जनी वर चाल विणते. पिकने वाजवून बघणाऱ्यांचं हेच बिघडतं, सगळे ठोके एकाच वजनाचे येतात. मोबाइलवर ०.७५ वेगाने ऐकत आधी एकटा अंगठा बसवावा, मग तर्जनी. कॉर्ड तीनच, सा, म आणि प वरचे, त्यामुळे डाव्या हाताला फार काम नाही. गाण्यात दोन आवाज तिसऱ्या सुराच्या अंतराने समांतर चालतात. ही घानातल्या आकान लोकांच्या गायनाची जुनी सवय आहे, चर्चच्या कॉयरवर सगळं ढकलू नये.

पुढच्या हप्त्यासाठी आतुम्पान. दोन ढोल, एक खर्ज, एक वरचा, आणि आकान लोकांच्या त्वी भाषेतले उंच-सखल स्वर त्यावर उतरतात. सुरुवात घानाच्या रेडिओवर वाजणाऱ्या ‘घाना मुंतिए’ (घाना, ऐका) या ओळीने. आधी शब्द तोंडाने पाठ, नंतर रेकॉर्डिंग. मोनो प्रतींमध्ये फोन्तोमफ्रोम या ढोलपथकाचे मोठे ढोल आतुम्पानच्या खर्जातल्या ढोलाला झाकतात, म्हणून ८० हर्ट्झखालचं कापलेली एक प्रत आधीच करून ठेवली आहे.